भिंतीची ओल अंगणातून येते

मे महिन्यात रंगारी येतो. भिंत खरवडतो, पुट्टी भरतो, ‘वॉटरप्रूफ’ म्हणवणाऱ्या प्रायमरचा एक हात आणि वर रंगाचे दोन हात देतो. घर लख्ख दिसू लागते. जून जातो, जुलै जातो, आणि गणपतीची आरास करायला घरातली मंडळी जमतात तेव्हा मखरामागच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत, रंगाला फुगे आलेले असतात. बोट लावले की पोपडा सुटतो आणि आतून पांढरी भुकटी गळते. भिंतीला लोणा लागलेला असतो. कोकणातल्या बैठ्या घरांत हे इतके सवयीचे झाले आहे की पुष्कळ ठिकाणी रंगाच्या खर्चाकडे वार्षिक पट्टीसारखेच पाहिले जाते.

कंटाळलेले घरमालक मग पुढचा उपाय करतात. खालच्या चार फुटांना टाइल्स लावून टाकतात. वर्ष-दोन वर्षे बरी जातात आणि मग ओलीची रेघ टाइल्सच्या वर, साडेचार-पाच फुटांवर उमटते. पाणी गेलेले नसतेच. भिंतीच्या खालच्या भागातून ते हवेत उडून जात होते, ती वाट बंद झाल्याने ते आणखी वर चढते. आता जिना, विजेचे सॉकेट, देव्हारा, कपाट हे सगळे त्याच्या टप्प्यात येते.

रंगाऱ्याला भिंतीच्या आतल्या बाजूला बोलावलेले असते आणि दुखणे बहुतेक वेळा बाहेर असते. छपराचे पाणी जिथे पडते, अंगणाचा उतार ज्या दिशेला आहे, जोत्याची उंची जितकी उरली आहे, त्यावर भिंतीचे भवितव्य ठरते. या गोष्टी पाहायला गवंडी किंवा इंजिनीअर लागतोच असे नाही. छत्री घेऊन भर पावसात घराभोवती एक फेरी मारली तरी निम्मे निदान होते.

पाणी वर कसे चढते

वीट, जांभा, सिमेंटचा गिलावा हे पदार्थ डोळ्यांना घट्ट दिसले तरी आतून अत्यंत बारीक छिद्रांनी भरलेले असतात. कंदिलाच्या वातीतून तेल वर चढते त्याच नियमाने या छिद्रांतून पाणी वर चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढते. तीच त्रिज्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी केली, तर सुमारे दीड मीटर. प्रत्यक्ष भिंतीत वर चढणारे पाणी आणि पृष्ठभागावरून वाफ होऊन उडणारे पाणी यांचा तोल जिथे साधतो तिथे ओलीची रेघ दिसते. साधारण एक मीटर ही तिची नेहमीची जागा.

जाताना पाणी एकटे जात नाही. मातीतले आणि विटेतले क्षार ते आपल्याबरोबर नेते. पाणी उडून गेले की क्षार गिलाव्याच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपात साठतात. स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात आणि रंग फुगतो, वाळूचे कण सुटू लागतात. म्हणून लोणा लागलेली भिंत कोरड्या उन्हाळ्यातही झडत राहते. त्यातले काही क्षार दमट हवेतले पाणी ओढून घेतात. पाऊस न पडता नुसते ढग दाटले तरी भिंतीवर ओले डाग दिसतात, त्याचे कारण बऱ्याचदा हे असते.

फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश पाहणीकाराने मलबारात पाहिलेल्या जांभ्याला १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव चपखल आहे, कारण खाणीतून विटेसारखा कापून काढता येणारा हा दगड पाण्याच्या बाबतीतही विटेसारखाच वागतो. चिऱ्याची भिंत दणकट खरी, पण तिचा पाया पाण्यात ठेवला तर ती पाणी पिणार.

भिंतीवरची प्रत्येक ओल जमिनीतून येते असे मात्र नाही, आणि निदान चुकले तर अंगण खणूनही हाती काही लागत नाही. गच्चीची गळती वरून खाली उतरते, आधी छतावर डाग दिसतो. न्हाणीघरातला पाइप फुटला असेल तर ओल बारा महिने सारखी राहते, एप्रिलमध्येही कमी होत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर खिडकीच्या आसपास, मध्यावर ठिपके उमटत असतील तर बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत असे समजावे. जमिनीतून येणारी ओल खालून सुरू होते, तिची वरची कड जवळपास आडवी असते, ती ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त असते आणि पाऊस थांबला तरी दोन-तीन महिने रेंगाळते. शंका असेल तर फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. दव भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे; खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली आर्द्रता आहे आणि उपाय खिडक्या उघडण्याचा, हवा खेळती ठेवण्याचा आहे.

छपराचा हिशेब

हे पाणी किती असते याचा अंदाज सहसा नसतो. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरचे, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फुटांचे छप्पर घ्या. तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली की त्यावरून ५,००० लिटर पाणी खाली येते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे या एका छपरावरून मोसमात किमान तीन लाख लिटर, दहा हजार लिटरचे ३० टँकर. चारही बाजूंना उतार असलेल्या चौरस घराला पन्हळ नसेल तर हे सगळे पाणी भिंतीपासून दोन-तीन फुटांवरच्या वीतभर रुंद पट्टीत पडते. घराच्या कडेच्या प्रत्येक मीटर लांबीला साडेसात हजार लिटर. पुण्यात पाऊस कोकणाच्या पाव हिश्श्याच्या आसपास, तरीही तेच छप्पर ७० हजार लिटरहून अधिक पाणी खाली सोडते.

इतके पाणी भिंतीच्या पायथ्याशी टाकून वरून भिंतीला कोणते रसायन फासायचे याची चर्चा करणे व्यर्थ आहे.

जुन्या कोकणी घराने हा प्रश्न रसायनाशिवाय हाताळला होता. उंच जोते, त्यावर भिंत. भिंतीच्या पुढे पडवी आणि तिच्याही पुढे आलेली वळचण. पागोळ्या भिंतीपासून पाच-सहा फूट लांब पडत. जिथे पडत तिथे चिऱ्यांची किंवा दगडांची चर असे, म्हणजे माती उडायची नाही आणि पाणी धरून राहायचे नाही. अंगण चोपून, सारवून घट्ट केलेले असे आणि त्याला पाणी वाहून जाईल इतका ढाळ असे. आगोटीची कामे निघाली की चर साफ करणे, छप्पर परतणे आणि वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांच्या झडी बांधणे हे लाकूडफाटा भरण्याइतकेच नेमाने होई. लाकडी खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करण्यामागेही ओल तोडण्याचाच हेतू होता.

त्या घरांतही ओल होती, हे विसरून चालणार नाही. मातीच्या जमिनी पावसाळ्यात गार आणि दमट असत, वाळवी होती, खांब कुजत. पण छपराचे पाणी घरापासून लांब टाकायचे, हा नियम त्या बांधणीत पक्का होता. आज घर सिमेंटचे झाले आणि तो नियमच गळाला.

जोते बुडते कसे

घर जमिनीत खचत नाही. आजूबाजूची जमीन वर येते. बांधताना जोते दीड फूट असते. राष्ट्रीय इमारत संहितेनेही भोवतालच्या जमिनीपासून जोत्याची किमान उंची ४५ सेंटिमीटर सांगितली आहे. पाच-सात वर्षांनी चिखल नको म्हणून अंगणात तीन इंचांचा कोबा होतो. आणखी काही वर्षांनी त्यावर वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसतात, आणखी चार इंच. पुढचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणात थोडा उंचावतो, मग गाडी आत यावी म्हणून फाटकापाशी भराव होतो आणि अंगणाचा ढाळ रस्त्याकडून घराकडे वळतो. दीड फुटाच्या जोत्याचे सहा इंच उरतात. दोन पायऱ्यांच्या जागी एक पायरी राहिली, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

जोत्याच्या पातळीवर विटांच्या थरांत ओल रोखणारा एक पातळ थर असतो. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. खालून चढणारे पाणी तिथे अडावे ही अपेक्षा. अंगणाची पातळी या थराच्या वर गेली, किंवा भिंतीला टेकवून माती टाकून जास्वंदीचा आणि मोगऱ्याचा वाफा केला, की पाणी त्या थराला वळसा घालून थेट वरच्या भिंतीत शिरते. भिंतीलगतचा वाफा दिसायला सुंदर असतो, पण ओलीच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. त्याला उन्हाळ्यातही पाणी घातले जाते, म्हणजे भिंतीला सुटीच नाही.

कठीण फरशीचा आणखी एक दोष. मातीवर पडलेली पागोळी माती उडवते, पण फरशीवर आपटलेली धार सहज फूटभर उंच उडते आणि भिंतीचा खालचा भाग बाहेरूनही भिजत राहतो. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी खाली मुरते आणि खालचा जुना कोबा घराकडे उतरता असेल तर ते नजरेआड घराकडेच जाते. वरून अंगण कोरडे, आणि भिंत ओली. या विसंगतीने अनेक गवंड्यांनाही चकवले आहे.

त्यात चारी बाजूंना कुंपणाची पक्की भिंत. जुन्या गडग्याच्या चिऱ्यांमधून पाणी पाझरून जाई. सिमेंटच्या कुंपणाला खाली भोके ठेवली नाहीत तर अंगणाची टाकी होते, आणि त्या टाकीत घर उभे असते.

काळ्या मातीचे वेगळे गणित

घाट चढून देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात गेले की पाऊस कमी होतो. पण घर काळ्या मातीवर असेल तर पाण्याचा धोका दुसऱ्या रूपात समोर येतो. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. शेताला ही उघडझाप मानवते. घराच्या पायाला नाही.

खरा त्रास होतो तो माती एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिल्याने. गच्चीचा पाइप घराच्या एकाच कोपऱ्यात सुटतो, तिथली माती फुगते आणि पाया उचलते. दुसऱ्या कोपऱ्यातली माती कोरडी राहते. भिंत मधल्यामध्ये तिरकी तडकते. खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या, पावसाळ्यात मिटणाऱ्या आणि उन्हाळ्यात रुंदावणाऱ्या भेगा ही याची खूण आहे. त्या दर वर्षी सिमेंटने बुजवल्या जातात आणि दर वर्षी उघडतात.

या मातीचा हंगामी फुगवटा साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर आकाराचे खास खांब विकसित केले, ते पाया या थराच्या खाली नेण्यासाठी. नव्या घराला ते करता येते. उभ्या घराला करता येण्याजोगे काम वरचेच: घराभोवती सलग तीन-चार फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतरता पक्का पट्टा, आणि छपराचे सगळे पाणी त्या पट्ट्याच्या पलीकडे. घराखालच्या मातीतला ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा राहावा एवढाच त्याचा उद्देश. त्या पट्ट्याला भेग पडली तर ती लगेच भरावी, कारण भेगेतून एकाच जागी मुरणारे पाणी पट्टाच नसण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकते. भिंतीजवळची मोठी झाडेही उन्हाळ्यात एकाच बाजूचे पाणी शोषून तोच असमतोल करतात.

ओल अंगाला लागते

ओल हा नुसता रंगाचा प्रश्न असता तर तिच्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. भिंत ओली राहिली की तिच्यावर क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशी वाढतात. कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्यांच्या मागे हवा खेळत नाही. तिथे आधी काळे ठिपके येतात आणि मग तो ओळखीचा कुबट वास. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीबद्दल मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर आणि बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा धोका जास्त असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. लहान मुले, दमेकरी आणि दिवसभर घरात असणारी वृद्ध मंडळी यांना तो अधिक. मुलाचा खोकला दर पावसाळ्यात हटत नसेल तर डॉक्टरांना औषध विचारताना तो कोणत्या भिंतीशेजारी झोपतो हेही सांगावे.

बुरशी कोरड्या झाडूने किंवा ब्रशने झाडू नये. तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. मास्क लावून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावी. भिंत ओलीच राहिली तर ती परत येणार, यात शंका नाही.

अंगणात तुंबलेल्या पाण्याचे स्वतःचेही आजार आहेत. डेंगी पसरवणारा एडिस डास गटाराच्या घाण पाण्यापेक्षा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पानांनी तुंबलेली पन्हळ, कुंडीखालची ताटली, ताडपत्रीची घडी, करवंट्या आणि तळाशी पाणी धरून ठेवणारे अंगणातले झाकलेले चेंबर या त्याच्या जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगितले जाते. अंगणाच्या बाबतीत मोजमाप याहून कडक ठेवावे: पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही पाणी दिसत असेल तर तिथला ढाळ चुकला आहे.

लेप्टो हा दुसरा. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. तुंबलेली चर अनवाणी उपसणे ही त्याची हमखास संधी. गमबूट घालून हे काम करावे, आणि त्यानंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर आपण अशा पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लवकर ओळखला गेला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

आधी ढाळ, मग बाकीचे

खर्चाच्या उलट क्रमाने काम सुरू केले तर बरेचसे काम स्वस्तात होते. पहिले काम पन्हळीचे. छपराच्या कडेला पन्हळ, तिला उतरणारा पाइप आणि पाइपाच्या तोंडाला भिंतीपासून किमान पाच-सहा फूट पाणी नेणारी नळी किंवा उघडी चर. पाइप भिंतीच्या पायथ्याशी सोडून दिला तर चारी बाजूंना पसरणारे पाणी एका जागी आणून ओतल्यासारखे होते, आणि ते पन्हळ नसण्याहून वाईट. सपाट गच्चीला पाइपांची संख्याही पाहावी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीला चार इंची एकच पाइप जोराच्या पावसात कमी पडतो, आणि तो पानांनी बुजला तर गच्चीचेच तळे होते.

दुसरे काम ढाळाचे. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत मोकळ्या जमिनीला घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार सांगितला आहे. फरशी किंवा कोबा असेल तर दोन टक्के, म्हणजे दहा फुटांत सुमारे अडीच इंच. आपल्याकडच्या पावसाला यापेक्षा कमी उतार चालेल असे मानायला काही आधार नाही. मोजायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. तिच्यात पाणी भरून एक टोक भिंतीला आणि दुसरे दहा फुटांवर धरले की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते. तिथून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. डोळ्यांनी ढाळ कळतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नवे पेव्हर बसवायचे असतील तर जुना कोबा फोडून खाली जावे लागते. फोडणावळ महाग पडते म्हणून त्यावरच थर चढवला की जोत्याचे आणखी चार इंच जातात.

भिंतीला टेकलेला मातीचा वाफा हलवून फूट-दीड फूट रुंदीची खडीची पट्टी केली तर पागोळीचे उडणेही कमी होते. कुंपणाला खालच्या बाजूला जाळी लावलेल्या बाऱ्या ठेवाव्यात.

डोंगरउतारावरच्या घराला मात्र छपरापेक्षा मागच्या बाजूचे पाणी जास्त छळते. वरून येणारा ओहोळ घराच्या मागच्या भिंतीवर थडकतो. तिथे घरापासून लांब, उताराला आडवी चर खणून पाणी दोन्ही कडांनी वळवून खालच्या व्हाळात सोडणे हाच उपाय. जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यासाठी खडीने भरलेली, तळाशी भोके असलेला पाइप टाकलेली चर करतात. तिला फ्रेंच ड्रेन म्हणतात. फ्रान्सशी तिचा संबंध नाही. हेन्री फ्रेंच या अमेरिकी गृहस्थाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकामुळे ते नाव पडले. खडीभोवती गाळ अडवणारे कापड गुंडाळले नाही तर काही पावसाळ्यांत ती मातीने बुजते आणि मग तिचा उपयोग शून्य.

शोषखड्ड्याबद्दल उत्साह मोठा आहे, तो जागा पाहून दाखवावा. कोकणात जुलैमध्ये विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. जमिनीनेच पाणी नको म्हटले असताना खड्डा ते कुठे मुरवणार? काळ्या मातीत खड्डा खालच्या मुरमापर्यंत पोहोचला नाही तर ते नुसते पाण्याचे पिंप होते. परीक्षा सोपी आहे: ऑगस्टमध्ये फूटभर खोल खड्डा करून पाणी भरावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच असेल तर तिथे शोषखड्डा नको. मे महिन्यात ही परीक्षा घेऊ नये, तेव्हा कुठलीही जमीन पाणी पिते. जागा योग्य असली तरी तो भिंतीपासून निदान दहा फूट लांब आणि घराच्या खालच्या अंगाला हवा. छपराचे पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये तर कधीही सोडू नये. मुसळधार पावसात ते उलटे फिरून न्हाणीघरातून वर येते.

पाणी शेवटी कुठेतरी जाणार, आणि ते ‘कुठेतरी’ पुष्कळदा शेजाऱ्याचे परसू असते. भाऊबंदकीतले आणि सोसायट्यांतले कितीतरी वाद इथून सुरू होतात. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात याचे उदाहरण थेट दिलेले आहे: वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक पाटाने न वाहणारे पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीवर वाहू देण्याचा हक्क वरच्या मालकाला आहे. म्हणजे खालच्याने भिंत घालून ते वर तुंबवू नये. पण छपराचे, फरशीचे पाणी गोळा करून पाइपाने शेजाऱ्याच्या हद्दीत सोडणे याला नैसर्गिक वाहणे म्हणता येत नाही. काम काढण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून पाण्याची वाट दोघांनी मिळून ठरवणे हे पन्हळीच्या एका पाइपापेक्षाही स्वस्त आहे.

हे सारे रोजच्या पावसाच्या पाण्याबद्दल. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत शिरले तसल्या पुरापुढे अंगणाचा ढाळ काही करू शकत नाही. रस्ताच जोत्यापेक्षा उंच झाला असेल तरीही नुसत्या उताराने भागत नाही. तिथे अंगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात पाणी गोळा करून पंपाने उपसावे लागते, आणि पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पुढच्या डांबरीकरणाआधी जुना थर खरवडून काढण्याची लेखी मागणी करावी लागते.

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते. त्याआधी पन्हळ, पाइप, बाऱ्या आणि वाफा हलवणे एवढे तरी होण्यासारखे आहे. ढाळ बदलायचा तर पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत पाणी कुठून कुठे जाते ते पाहून, फरशीवर खडूने खुणा करून, काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

भिंत त्यानंतरही लगेच वाळणार नाही. विटेच्या भिंतीला दर इंच जाडीमागे साधारण एक महिना धरतात. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. तोवर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंतचा झडलेला गिलावा काढून टाकावा, वर येणारे क्षार कोरड्या ब्रशने झटकून केरात टाकावेत. ते पाण्याने धुऊ नयेत, विरघळून परत आत जातात. नवा गिलावा चुन्याचा केला तर भिंतीतल्या वाफेला बाहेर पडता येते. पुट्टी आणि महागडा रंग पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत थांबू शकतो. यंदा त्या खालच्या दोन फुटांना चुन्याच्या सफेदीचा एक हात पुरे. तो झडला तरी पुन्हा द्यायला एक सकाळ लागते.